मास्तरणीच्या हातात सुई कशाला?

चिमणी_पुणे: कालच्या धाग्यावर एकानं लिहिलंय, "शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजात मास्तरणींना शिवण शिकवत, म्हणून त्यांचे संसार नेटके." वाचून डोक्यात तिडीक गेली. अहो, १८७० साली ते कॉलेज निघालं ते मुलींच्या शाळांना शिक्षिका मिळाव्यात म्हणून, तुमची पोलकी शिवायला नव्हे! पुरुष मास्तरांना कुणी धावदोरा घालायला बसवलं? १८८७ मध्ये टिळकांनी त्यांच्या 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकातून पुण्यातल्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेच्या अभ्यासक्रमावर झोड उठवली, त्याच माळेतला हा मणी. बाईनं शिकावं, पण उंबऱ्याच्या आत पुरेल इतकंच.

नगरकर_नाना: चिमणीताई, जरा दमानं. खापर एकट्या पुण्यावर का? १८६२ च्या 'रिव्हाइज्ड कोड'पासून, म्हणजे तिथल्या शाळा-अनुदानाच्या नियमावलीपासून, इंग्लंडातही सरकारी अनुदान हवं तर मुलींना शिवण शिकवावं लागे. आणि "पोरगी शिकून काय करणार?" म्हणणाऱ्या बापापुढे शिवण हे बरं निमित्त होतं. रमाबाई रानड्यांचं सेवासदन घ्या, १९०९ चं. तिथं शिक्षिकाही तयार होत आणि शिवणवर्गही चाले. माझ्या आजीची थोरली बहीण बाराव्या वर्षी विधवा झाली. शाळेत नोकरी लागेपर्यंत तिनं पोलकी शिवूनच भावाच्या घरी ताठ मानेनं दिवस काढले.

उलटी_टीप: शिवणाच्या तासाचं कौतुक मला सांगू नका. डी.एड.ला झबलं जमा करायचं होतं. अर्ध्या वर्गाची झबली कोपऱ्यावरच्या शिंप्यानं शिवलेली. माझं मी हातानं शिवलं, काज उसवलं, मार्क सगळ्यांत कमी!

अंजिरी: आधी कापलंस आणि मग टाके घातलेस ना? आधी कडेनं धावदोरा, मग कात्री.

उलटी_टीप: आमच्या बाईंनी कापूनच दाखवलं होतं. तुम्ही बाईंपेक्षा शहाण्या?

अंजिरी: हो. पस्तीस वर्षं शिवतेय. आणि झबल्याला काज कशाला? बंद लावतात. बाळाला बटण टोचतं.

उलटी_टीप: शिंप्याच्या झबल्यांनाही काजंच होती!

अंजिरी: मग तोही तुमच्याच बाईंकडे शिकला असणार.

चिमणी_पुणे: झबलं आवरा! नाना, आजीच्या बहिणीपुढे मी हात जोडते. पण पोटासाठी शिवण शिकवायचं तर वेगळा वर्ग काढा, सेवासदननं काढला तसा. मास्तरीण व्हायला टाके का मोजायचे? आणि मोजायचेच, तर फक्त बायकांचे?

नगरकर_नाना: बरं बाई, जिंकलीस. पुरुषांनाही शिकवायला हवं होतं. माझ्या सदऱ्याचं बटण दिवाळीपासून टेबलावर पडलंय, आणि ही म्हणते, सुई तिथं आहे.

उलटी_टीप: काज तरी शाबूत आहे ना?