कुणी हात लावलेला नसताना हार्ड डिस्क रात्रभर का करकरते?

शुक्रवारपेठकर (प्रश्न)

लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यांची मांडणी मी घरीच करून देतो. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत संगणक आहे आणि त्याच खोलीत आई झोपते. गेल्या महिन्यात एका रात्री तिने मला उठवले आणि म्हणाली, "त्या डब्यात उंदीर शिरलाय बघ, मघापासनं कायतर कुरतडतोय." मी जाऊन पाहिले तर स्क्रीन काळी होती, एकही प्रोग्रॅम उघडा नव्हता, पण सीपीयूच्या डब्यावरचा लाल दिवा थांबून थांबून लुकलुकत होता आणि आतून कर्र-कर्र असा आवाज येत होता. मी माउस हलवला आणि मिनिटाभरात सारे शांत झाले. आईची समजूत काही पटली नाही. तिच्या समाधानासाठी टेबलाखाली पिंजरा लावून ठेवला आहे.

त्यानंतर मी चार-पाच रात्री लक्ष ठेवले. प्रकार रोज घडतो, बहुधा मध्यरात्रीनंतर घडतो आणि मी जवळ जाऊन बसलो की थांबतो. एकदा घाईने टास्क मॅनेजर उघडला तेव्हा डिस्कच्या खाली १०० टक्के असे क्षणभर दिसले, पण वेग मात्र सेकंदाला अर्ध्या एमबीपेक्षा कमी होता. इतके थोडे काम करताना डिस्क पूर्ण गुंतलेली कशी असू शकते, हे मला उमगलेले नाही.

संगणकात विंडोज १० आहे, ८ जीबी रॅम आहे आणि १ टेराबाइटची, ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क आहे. सी आणि डी हे त्याच एका डिस्कचे दोन भाग असून डीवर माझे आजवरचे सगळे डिझाइन आहेत. आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याने न बघताच फॉरमॅट मारायला सांगितले. माझी खरी भीती वेगळी आहे. गिऱ्हाइकांचे फोटो, काहींची आधार कार्डेसुद्धा या संगणकावर पडलेली असतात, आणि बाहेरून कोणी ती काढून नेत असेल तर मला ते कळायला हवे. डिस्कवर नेमके कोण काम करते आहे, हे कसे शोधावे?

उद्यमनगर

माझ्या वर्कशॉपमधल्या संगणकाला हाच त्रास होता. सर्व्हिसेसच्या (विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या कामांच्या) यादीत जाऊन सिसमेन आणि विंडोज सर्च या दोन्ही सेवा बंद केल्या आणि प्रश्न मिटला. फार खोलात जाण्याची गरज नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली

वरील उपायाने आवाज बहुधा कमी होईल, परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळणार नाही. कोण काम करते आहे हे न पाहता दोन सेवा बंद करणे म्हणजे दाराशी कोण आले आहे हे न बघता घंटेची तार तोडण्यासारखे आहे.

संगणक रिकामा आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपण त्याला काही काम सांगितलेले नाही, एवढेच खरे असते. विंडोजची स्वतःची कामे बरीच असतात. डिफेंडर या विंडोजच्या व्हायरसरक्षकाची तपासणी, फाइलींची अनुक्रमणिका करणे, अद्यतनांची जुळवाजुळव, आठवड्यातून एकदा डिस्कवरचे तुकडे सलग लावणे, ही कामे तुम्ही उठून जाण्याचीच वाट पाहत असतात. विंडोज १० मध्ये देखभालीची ठरलेली वेळ मध्यरात्रीनंतर २ वाजताची असते. त्या वेळी संगणक बंद असला किंवा त्यावर कोणी काम करत असले, तर पुढे जेव्हा तो मोकळा सापडेल तेव्हा ती उरकून घेतली जाते. माउस हलला की यांतली बरीचशी कामे अंग काढून घेतात. इंडेक्सिंग ऑप्शन्सची विंडो उघडून बसलात तर, वापर चालू असल्यामुळे अनुक्रमणिकेचा वेग कमी केला आहे अशा अर्थाची ओळ तुम्हाला तिथेच वाचायला मिळेल. म्हणजे तुम्ही जवळ गेल्यावर आवाज थांबतो, ही गोष्ट संशयाची नसून उलट दिलासा देणारी आहे.

आता १०० टक्क्यांचे. ही टक्केवारी डिस्क किती वेळ गुंतलेली होती हे सांगते, तिने किती माल वाहिला हे सांगत नाही. आतल्या तबकडीच्या मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. हवी ती जागा फिरून हेडखाली (वाचन-लेखन करणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात, आणि हेडला त्या पट्ट्यावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद लागतात. हा हिशेब धरला तर विखुरलेले तुकडे वाचताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ८० ठिकाणी पोहोचते. प्रत्येक ठिकाणी ४ केबी वाचले तर एकूण ३२० केबी होतात. तीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला शंभराहून अधिक एमबी सहज वाचते आणि तेव्हा तिचा आवाजही फारसा येत नाही. आईंना जे कुरतडणे ऐकू आले, ते हेडचे इकडून तिकडे धावणे होते.

शोध असा घ्या. झोपण्यापूर्वी स्क्रीन बंद न होण्याची सेटिंग करा, रिसोर्स मॉनिटर उघडा, त्यातल्या डिस्कच्या पानावर जा आणि खालच्या डिस्क ॲक्टिव्हिटीच्या तक्त्यात एकूण वेगाच्या स्तंभावर क्लिक करून जास्तीत जास्त वेग वर येईल असे करा. मग हात लावू नका. मोबाइल चार्जरला जोडून स्क्रीनसमोर उभा करा आणि चित्रीकरण चालू ठेवा. हे थोडे हास्यास्पद वाटेल, पण पाहणारा जवळ आला की थांबणारी गोष्ट पकडण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी सापडलेला नाही. तक्त्यात प्रोग्रॅमच्या नावापुढे फाइलचा पूर्ण पत्ता असतो; नुसते नाव पाहू नका, पत्ता वाचा. वाचन आणि लेखन यांचे स्तंभही वेगळे आहेत. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम असता तर डीवरच्या फाइलींवर भरमसाट लेखन दिसले असते आणि त्यांची नावे किंवा नावांमागच्या शेपट्या (.jpg सारख्या) बदलू लागल्या असत्या. बाहेर माल जात असेल तर त्याच रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्कच्या पानावर पाठवलेल्या माहितीचा आकडा वाढताना दिसेल, म्हणून एक रात्र त्या पानाचेही चित्रीकरण करा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे ही काळजी अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही.

सिसमेनबद्दल एवढेच सांगतो की ती सेवा व्हिस्टापासून आहे, पूर्वी तिचे नाव सुपरफेच होते आणि तुम्ही वारंवार वापरता ते प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणे हे तिचे काम आहे. ती बंद केल्याने काही बिघडत नाही. विंडोज सर्च बंद केले तर मात्र डीवर जुनी पत्रिका नावाने शोधताना तुम्हाला ताटकळावे लागेल.

रंकाळ्याजवळ

वरील विवेचन योग्य आहे, परंतु त्यात डिस्क धडधाकट आहे असे गृहीत धरले आहे. मी तीच गोष्ट आधी तपासली असती.

प्रथम दिव्याचा ताल पाहावा. अगदी घड्याळासारखा सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर अनेकदा डीव्हीडी ड्राइव्ह त्याला कारण असतो. आत तबकडी घातली आहे का, हे विंडोज त्याला पुन्हा पुन्हा विचारत असते आणि डब्यावरचा दिवा दोघांचा एकच असतो. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क तर हेड एकाच जागी राहू नये म्हणून दर पाच सेकंदांनी स्वतःहून ठक् असा आवाज करतात. तिथे विंडोजचा काही संबंध नसतो. तुमचा दिवा अनियमित आहे, म्हणून ही दोन्ही कारणे मी बाजूला ठेवतो.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहाव्यात. ०५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी थांबलेले सेक्टर, आणि सी६ म्हणजे सुधारता न आलेले. सी७ वाढलेला असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. एक खबरदारी घ्यावी: हा प्रोग्रॅम मूळ आकडे षोडशमान पद्धतीने दाखवतो, त्यामुळे तिथले १० म्हणजे सोळा.

आणि हे सगळे करण्यापूर्वी डीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ती प्रत त्याच टेबलाच्या खणात ठेवू नये. २०१९ च्या महापुरात माझा संगणक आणि बॅकअपची डिस्क तळमजल्यावरच्या एकाच कपाटात होती आणि दोन्ही एकदमच पाण्याखाली गेल्या.

शुक्रवारपेठकर

आपणा सर्वांचे आभार. तीन रात्री चित्रीकरण केले. २ वाजून ४ मिनिटांनी डिफेंडरचा प्रोग्रॅम जागा झाला आणि जवळजवळ पाऊण तास एकाच झिप फाइलवर खिळून राहिला. ती फाइल मी कधी काळी उतरवून घेतलेल्या तयार पत्रिकांच्या नमुन्यांची होती आणि तिच्या पोटात हजारो छोटी चित्रे आहेत. त्यानंतर अनुक्रमणिका करणाऱ्या सर्चइंडेक्सरने डीवरचे फोल्डर एकामागून एक वाचायला घेतले. नेटवर्कच्या पानावर काहीही संशयास्पद दिसले नाही.

इथवर मी निश्चिंत झालो होतो. परंतु तिसऱ्या रात्रीच्या चित्रीकरणात एका ठिकाणी वेग शून्यावर येऊन थांबलेला दिसतो, दिवा मात्र सलग पेटलेला आहे. रिस्पॉन्स टाइमच्या स्तंभात एरवी १०-२० असे आकडे असतात, तिथे ९ हजारांच्या पुढचा आकडा होता, आणि फाइल २०१६ च्या लग्नसराईतल्या एका पत्रिकेची होती. क्रिस्टलडिस्कइन्फोने सावधानतेचा पिवळा रंग दाखवला. सी५ पुढे १८ लिहिलेले आहे, म्हणजे आपण सांगितल्याप्रमाणे २४ सेक्टर. डीची प्रत काढून ती बहिणीकडे नेऊन ठेवली आहे. तीन फाइली काही केल्या निघाल्या नाहीत. आता चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवावे का?

राजारामपुरी आठवी गल्ली

रंकाळ्याजवळच्यांचे म्हणणे मी आधी मांडायला हवे होते. ९ हजार मिलिसेकंद म्हणजे एका तुकड्यासाठी डिस्कने नऊ सेकंद धडपड केली. कोणताही प्रोग्रॅम एवढा वेळ लावत नाही. डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहत होती. म्हणजे तुमच्या घरी दोन वेगळ्या गोष्टी एकाच आवाजाआड चालू होत्या, आणि नुसते सिसमेन बंद केले असते तर त्यांतली दुसरी काही महिने तशीच दडून राहिली असती.

त्या तीन फाइली हव्या असतील तर चेकडिस्क आत्ता चालवू नका. खराब सेक्टर शोधायला लावले तर ते संपूर्ण डिस्क रगडून काढते आणि आजारी डिस्कला तो ताण अनेकदा झेपत नाही. छपाईसाठी पाठवलेल्या पीडीएफ प्रेसकडे किंवा जुन्या ईमेलमध्ये सापडतात का, ते आधी पाहा. विंडोजसाठी लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या, डीसाठी नवी हार्ड डिस्क घ्या आणि त्या झिप फाइलची खरोखर गरज नसेल तर तिला निरोप द्या.

शुक्रवारपेठकर

तीनपैकी दोन पीडीएफ प्रेसमध्ये सापडल्या, तिसऱ्या फाइलीचे लग्न तर होऊन गेले आहे, त्यामुळे तिचा आग्रह नाही. एसएसडी आणि नवी डिस्क आज लक्ष्मीपुरीतून आणली. जुनी डिस्क फॉरमॅट करून भंगारात दिली तर चालेल का?

रंकाळ्याजवळ

आधार कार्डे त्यावर होती म्हणता, तर देऊ नये. क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, मजकूर तसाच राहतो. आणि जे सेक्टर डिस्कने स्वतःच बाजूला काढले आहेत, त्यांच्यावर तर पूर्ण फॉरमॅटही पोहोचत नाही. आतल्या तबकड्या निकामी करणे हाच खात्रीचा उपाय आहे.

उद्यमनगर

घेऊन या. माझ्याकडे पिलर ड्रिल आहे, दहा मिलिमीटरची चार भोके पाडून देतो. तबकडी काचेची निघाली तर तुकडे उडतात, म्हणून डिस्क उघडू नका, आहे तशीच आणा. माझ्या संगणकाचा सी५ मी अजून पाहिलेला नाही, तोही त्याच दिवशी पाहून घेऊ.