नामवंतांची मोट? क्रॅव्हॅथचं उदाहरण पाहा

अमेरिकन लॉ फर्म (वकिलांची भागीदारी कंपनी) म्हणजे दोन-चार नामवंत वकिलांची मोट, असं काहीजण म्हणतात. न्यूयॉर्कच्या क्रॅव्हॅथ, स्वेन अँड मूर या फर्मबाबत तरी हे पटत नाही. फर्मची मुळं १८१९ पर्यंत जातात. अलास्काची खरेदी घडवणारा विल्यम सुअर्डही एकेकाळी तिथला भागीदार. पण खरी घडण केली पॉल क्रॅव्हॅथने. (एडिसनशी झालेल्या दिव्यांच्या पेटंट खटल्यांत वेस्टिंगहाउस या वीज कंपनीचा वकील, तोच हा.) उत्तम लॉ स्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली पोरं घ्यायची, वेगवेगळ्या भागीदारांच्या हाताखाली फिरवत तयार करायची. काही वर्षांनी भागीदारी, नाहीतर नारळ! भागीदारांची मिळकतही ज्येष्ठतेनुसार, म्हणजे अशिलांवरून ओढाताण नको. २०२१ मध्ये मात्र हे मिळकतीचं सूत्र त्यांनी सैल केलं.

आयबीएम या संगणक कंपनीवर अमेरिकन सरकारने भरलेला मक्तेदारीचा खटला घ्या. १९६९ मध्ये दाखल झाला, १९८२ मध्ये सरकारनेच सोडून दिला. आयबीएमच्या बाजूने क्रॅव्हॅथ. इतकी वर्षं कागदांचे डोंगर उपसणं एकट्यादुकट्या नामवंताचं काम नव्हे, तिथे अशी तयार फौजच लागते. त्याच फौजेतला डेव्हिड बॉइझ पुढे मायक्रोसॉफ्टविरुद्ध सरकारतर्फे उभा राहिला.