टार्टरिया खरंच होतं का? भाऊ हायकोर्टाच्या घुमटावर अडून बसला आहे

सावजी_फुल_तिखट:
मंडळी प्रश्न सिरीयस आहे, हसू नका. माझा लहान भाऊ दोन महिन्यांपासून रात्र रात्र ते टार्टरियाचे व्हिडिओ पाहून राहिला. म्हणते अख्ख्या आशियात एक लय मोठं साम्राज्य होतं, घुमटाच्या टोकातून हवेतली वीज ओढायचे, मग चिखलाचा महापूर आला अन् सगळं गाडलं गेलं, अन् इंग्रजांनी उरलेल्या बिल्डिंग्ज स्वतःच्या नावावर खपवल्या. इथपर्यंत ठीक होतं बाप्पा, पण काल आपल्या नागपूरच्या हायकोर्टासमोर गाडी थांबवून म्हणते, दादा हा घुमट तीन वर्षांत होते का, आपल्या स्लॅबले दीड वर्ष लागलं. झिरो माइलच्या खांबाजवळचे चार दगडी घोडे पण टार्टरांचेच म्हणे! मले काही बोलताच नाही आलं.

जुना_नकाशा:
हायकोर्टाचं सगळं रेकॉर्डवर आहे. आर्किटेक्ट हेन्री मेड, नवी दिल्लीतलं कॅथेड्रल पण त्याचंच. पायाभरणी जानेवारी 1937, उद्घाटन जानेवारी 1940. स्लॅबचं तुम्ही अन् तुमचा ठेकेदार पाहून घ्या.

बाकी टार्टरी हा शब्द खोटा नाही हं. युरोपातल्या जुन्या नकाशांवर कॅस्पियनपासून पार पॅसिफिकपर्यंत लिहिलेला दिसतो, पण ते एका राज्याचं नाव नव्हतं, तिकडचं फारसं माहीत नाही म्हणून सगळ्यांवर एकच चिठ्ठी डकवली. उत्तरेतले लोक नाही का विंध्याखालच्या सगळ्यांना मद्रासी म्हणून मोकळे होत, तसं. मूळ शब्द तातार, म्हणजे तिकडच्या लोकांचं नाव, त्यात तो जास्तीचा र घुसला तो ग्रीक पुराणातल्या टार्टरस नावाच्या पाताळामुळे असं मानतात. साम्राज्याची गोष्ट रशियातून आली, तिथे फोमेन्को नावाचा गणितज्ञ आहे, त्याच्या मते जगाचा अर्धा इतिहास मागाहून रचलेला आहे. त्याच हवेत हे पीक आलं अन् मग यूट्यूबवर फोफावलं.

दगडधोंडा:
अन् जुन्या बिल्डिंग्जच्या त्या अर्ध्या गाडलेल्या खिडक्यांचं काय? शिकागोचं 1893 चं प्रदर्शन पण पाहा, एवढे पांढरेशुभ्र महाल दोन-तीन वर्षांत उभे केले अन् लगेच पाडले म्हणे. कोण पाडते बे असा महाल? सगळं सरकारी पुस्तकातलंच खरं कायले मानायचं?

महालचा_वाडा:
मी सांगतो. आमचं घर नागपूरच्या महाल भागात, आजोबाच्या वेळचं. ओट्याले चार पायऱ्या होत्या, आम्ही पोरं तिसरीवर बसून गोट्या खेळायचो. मग डांबर, त्यावर डांबर, अन् मग सिमेंट रोड, अन् आता रस्त्यावरून घरात जायले एक पायरी उतरा लागते. समोरच्या खोलीची खिडकी रस्त्यापासून गुडघ्याएवढ्याच उंचीवर, पावसाळ्यात आई दारात पोत्यात माती भरून ठेवते. दोनशे वर्षांनी कोणी व्हिडिओ बनवंन की नागपुरात चिखलाचा महापूर आला होता!

शिकागोतही हेच, 1850-60 च्या दशकांत गटारांसाठी रस्ते उंच केले अन् बिल्डिंग्ज जॅक लावून उचलल्या. सिएटलमध्ये 1889 च्या आगीनंतर रस्ते इतके वर घेतले की दुकानांचा तळमजला जमिनीखाली गेला, आज तिथं तिकीट काढून फिरवतात. प्रदर्शनाचे महाल म्हणशील तर आतून सांगाडा अन् वरून प्लास्टर अन् ज्यूटच्या तंतूंचा लेप, गणपतीच्या मांडवाचा मोठा भाऊ समज. मांडव नाही का उतरवत आपण?

नंदिवर्धन:
दगडधोंडा भाऊ एका बाबतीत बरोबर आहे, साम्राज्य हरवते. आपलंच हरवलं होतं ना! वाकाटक, विदर्भातलं जुनं राजघराणं. ज्यांच्या काळात अजिंठ्याची 16 नंबरची लेणी कोरली, वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्याचा लेख आहे तिथं, त्या घराण्याची नावं लोकांना ताम्रपट अन् शिलालेख वाचूनच कळली. त्या लेखांचा मोठा ग्रंथ आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी केला, 1963 चा. राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, आज दिसतो तो किल्ला भोसल्यांच्या काळचा, पण अलीकडच्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाचा मातीचा ठसा निघाला, ब्राह्मी अक्षरं अन् सोबत शंख. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्याची पोरगी अन् वाकाटकांची सून ती, पोरं लहान म्हणून कारभार स्वतः पाहिला. रामटेकजवळच मनसरला हिडिंबा टेकडीवर जा, टेकडी समजून चढता अन् वर विटांचं बांधकाम निघते. आता ते नेमकं कोणाचं यावर अभ्यासक अजून भांडून राहिले, पण भांडतात ते विटा अन् मूर्ती समोर ठेवून.

अन् गूढच पाहिजे असंन तर काटोल रोडनं जुनापाणीला जा. सुमारे तीनशे शिळावर्तुळं, लोहयुगातल्या लोकांनी मेलेल्यांसाठी रचलेली, काही दगडांवर वाटीसारखे खोलगट खड्डे. ते कायले कोरले ते कोणालेच नक्की ठाऊक नाही.

सावजी_फुल_तिखट:
भावाले हे सगळं वाचून दाखवलं. टार्टरिया अजून सोडला नाही, पण त्या वाटीवाल्या दगडांचं ऐकून गप्प झाला अन् मग म्हणते, रविवारी गाडी तू चालवशील का? जुनापाणीला चहा कुठं भेटते कोणी सांगा.