सायकलने दोन-चार देश : तुम्ही रूट कसा आखला? अनुभव लिहा

मंडळी, पुढच्या सप्टेंबरात मी आणि बायको पासाऊ ते बुडापेस्ट सायकलने जातोय. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, सगळं डॅन्यूबच्या काठाकाठानं. युरोव्हेलो ६ नावाचा रूट फ्रान्सच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जातो, त्याचाच हा मधला तुकडा. मॅपवर रेघ ओढून झाली, रोज ९० किमी धरले, पण रेघ बघून समाधान होत नाहीये. कुठलाही परदेशी रूट स्वतः आखला असेल तर लिहा नं, चुकलं काय तेही लिहा.

धरमपेठेतून

हाच रूट केलाय आम्ही. ९० नका धरू, ६० धरा. रस्ता सोपाय, पासाऊ आपल्या नागपूरएवढ्याच उंचीवर आहे आणि तिथून व्हिएन्नापर्यंत नदीसोबत हळूहळू उतरत जायचं, साधारण ३२० किमी, वाराही बहुतेक वेळा पाठीवरच असतो. पण श्ल्योगन गावाजवळ नदी जवळजवळ उलटी वळते, तिथं आम्ही दोन तास नुसते बसलो होतो, मग पलीकडे जायला सायकलींची छोटी होडी. पुढं वाखाउ खोऱ्यात द्राक्षाचे मळे, जर्दाळूच्या बागा, मेल्कचा मठ. ९० किमी मारायचे असले तर हे सगळं मान वळवून बघावं लागतं आणि मग एवढ्या लांब जायचं कशाला?

रविवार मात्र लक्षात ठेवा. ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद. आम्हाला माहीत नव्हतं, दोघांत एक पाव आणि बॅगेच्या तळाशी आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, त्यावर ५५ किमी काढले. शनिवारी संध्याकाळीच सामान भरून ठेवा.

मानेवाड्यातून

दादा, व्हिसा आधी बघा, रूट मागून. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा असतो. मी व्हिएन्नाचे दोन दिवस कापून बुडापेस्टला जोडले आणि हिशोब ऑस्ट्रियाकडून हंगेरीकडे गेला, सगळी बुकिंगं परत बदलली. आणि हंगेरीत एक आकडी नंबरच्या मोठ्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी सायकलला बंदी आहे, अ‍ॅप सरळ रस्ता दाखवतंय म्हणून विश्वास ठेवू नका, तो तुकडा झूम करून करून तपासा.

प्रतापनगरातून

माझा अनुभव वेगळ्या भागातला, व्हिएतनाम-लाओस, वय ५६, एकटी. व्हिएतनामच्या ई-व्हिसात सीमेवरच्या कुठल्या नाक्यानं आत येणार आणि कुठल्या नाक्यानं बाहेर पडणार ते आधीच लिहावं लागतं, लाओसचा ई-व्हिसाही ठरावीक नाक्यांवरच चालतो. मी एक सुंदर डोंगरी रस्ता काढून ठेवला होता, तो ज्या नाक्यावर निघायचा तिथं ई-व्हिसा चालतच नव्हता, तीन आठवड्यांचं काम गेलं आणि मला खरंच रडू आलं होतं. तेव्हापासून मी आधी नाके मांडते, मग त्यांच्यामधले रस्ते शोधते.

गोधनीतून

पामीर हायवे, किर्गिझस्तानातल्या ओशहून ताजिकिस्तानात. बावा, तिथं किलोमीटर मोजतच नाहीत, उंची मोजतात. ओश हजार मीटरच्या आत, सारी-ताश तीन हजाराच्या वर, आणि पुढं अक-बाइताल घाट ४,६५५ मीटर. आपण सपाटीवरची माणसं, मी सारी-ताशला एकच रात्र थांबलो, दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की हँडल धरवेना, मित्रानं परत खाली नेलं. त्याचे उपकार आहेत माझ्यावर. तीन रात्री धरा. ताजिकिस्तानच्या ई-व्हिसासोबत गोर्नो-बदख्शान या पामीरच्या भागाचं परमिटही मागून घ्यायचं. रस्ता कित्येक ठिकाणी पन्हाळी पत्र्यासारखा आहे, ताशी ८ च्या वर जमत नाही.

अन् जायच्या आधी भरल्या बॅगांनी रामटेक करा. रिकामी सायकल अन् लादलेली सायकल, दोन वेगळे प्राणी हायेत. मी दोन्ही बाजूंना तांदळाच्या थैल्या बांधून गेलो, मनसरच्या अलीकडे मागच्या चाकाचा स्पोक तुटला, गिअरच्या बाजूचा. तो बदलायचा तर कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाची गिअरची दातेरी चक्रं, काढावी लागते अन् ते हत्यारच माझ्याजवळ नव्हतं. इथं तुटला म्हणून कळलं, तिकडं तुटला असता तर शंभर किमीत दुकान नाही.

धागा काढणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून परत आखलं. रोज ६०, रविवार मेल्कला मुक्काम, ऑस्ट्रियाचे दिवस मोजून सगळ्यात जास्त ठेवले, हंगेरीचा एकेक तुकडा बायको तपासतेय. कॅसेट काढायचं हत्यार उद्या सीताबर्डीत बघतो. येत्या शनिवारी दोघंही तांदूळ बांधून रामटेकला निघतोय, पहाटे साडेचारला झिरो माईलवर, ऊन चढायच्या आत पोहोचायचंय. कोणी येतंय का सोबत?