कॅम्पर ओढायला ट्रक: गॅस (म्हणजे पेट्रोल) घ्यावा की डिझेल?

डेन्व्हरकर
नमस्कार मंडळी. ३१ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) नक्की केलाय. रिकामा ७,६०० पौंड, भरून जास्तीत जास्त ९,५००. माणसं सहा: चार मोठी, दोन लहान. वर्षाला ओढणं साधारण ४,००० मैल, त्यातलं बरंचसं आय-७० महामार्गावरून डोंगरापलीकडे. एरवी ट्रक शाळा आणि किराणा एवढाच, एका वेळी पाच-सहा मैल. फोर्ड एफ-२५० बघतोय. ७.३ लिटर गॅस इंजिनचा घ्यावा, की दहाएक हजार डॉलर जास्त मोजून ६.७ डिझेल? डीलर डिझेलच घ्या म्हणतोय. ट्रक दहा वर्षं ठेवायचा आहे.

वजनकाटा
इंजिन राहू द्या बाजूला. आधी दोन्ही ट्रकांचं ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल तो आकडा त्यावर असतो. हा पेलोड. माहितीपत्रकातली ओढण्याची क्षमता विसरा. एफ-२५० ओढण्यात कमी पडत नाही, पाठीवर घेण्यात कमी पडतो.

हिशेब ट्रेलरच्या रिकाम्या वजनावर करू नका, ९,५०० वर करा. पाणीच गॅलनला ८.३ पौंड असतं, ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पौंड झाले. वर बॅटऱ्या, प्रोपेनचे सिलिंडर, भांडीकुंडी. ट्रॅव्हल ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर (जोडणीवर), म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. १३ टक्के धरले तर १,२३५ पौंड. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (बार ताणून थोडा भार पुढच्या चाकांवर ढकलणारी जोडणी) १००, माणसं ७५०, मागच्या बेडमधलं (उघड्या हौद्यातलं) जनरेटर-सायकली वगैरे ३००. एकूण २,३८५.

डेन्व्हरकर
आज दोन्ही स्टिकरं बघून आलो. गॅस २,८७०, डिझेल २,१९०. म्हणजे महागडा ट्रक कमी वजन घेतो?

वजनकाटा
हो, कारण डिझेल इंजिन आणि त्याचा लवाजमा सहा-सातशे पौंड जड असतो. तुम्ही बघितलेल्या दोन्ही ट्रकांचं एकूण मान्य वजन (ट्रक, माणसं, सामान सगळं मिळून) बहुधा १०,००० पौंडच असेल, कारण त्याच्या वर गेलं की ट्रकचा वर्ग बदलतो. मग इंजिन जेवढं जड, तेवढा पेलोड कमी. डिझेलच हवं असेल तर एफ-३५० बघा. मागे एकेरी चाकांचाच घ्या, दुहेरीची गरज नाही. बॉडी तीच, मान्य वजन जास्त. फक्त स्टिकर प्रत्येक ट्रकचं वेगळं वाचा. सनरूफ, पायऱ्या, मोठी ट्रिम हे सगळं पेलोड खातं.

उतार_सात_टक्के
वजनाचं पटलं, पण रस्ता आय-७० चा आहे हे विसरू नका. आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,००० फुटांवर. तिथे हवा विरळ, आणि टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. ७.३ गॅसचे ४३० हॉर्सपॉवर तिथे २९० च्या आसपास उरतात. टर्बो डिझेल ही घट बरीचशी भरून काढतं. शिवाय गॅसचा कमाल टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर) ४७५ पौंड-फूट, २०२३ पासून ४८५, तोही ४,००० आरपीएमला. २०२० नंतरच्या ६.७ चा हजारापुढे, आणि तो खालच्या आरपीएमलाच मिळतो.

माझ्या मते चढ हा प्रश्नच नाही, ४० च्या वेगाने उजव्या लेनमधून गेलं की झालं. खरी परीक्षा उताराची. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे जवळपास आठ मैल उतार आहे, ७ टक्क्यांपर्यंतचा. ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी तिथे रॅम्प बांधलेत ते उगीच नाही. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) तिथे ब्रेकला पायच लावू देत नाही म्हणा ना. सहा जीव गाडीत असताना त्याची किंमत मी मोजेन.

फिल्टर_बदला
एक्झॉस्ट ब्रेकचं मान्य. पण वापर नीट वाचा: रोज पाच-सहा मैल. डिझेलला याहून वाईट काही नाही. काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्याला इंजिन तापून काही वेळ सलग चालावं लागतं. शाळेच्या फेरीत ते अर्ध्यावर तुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि साफसफाईसाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

खर्चही मांडा. ओढताना गॅस गॅलनला ८ मैल, डिझेल ११ धरा. ४,००० मैलांना ५०० विरुद्ध ३६४ गॅलन. गॅस ३.२० आणि डिझेल ३.८० डॉलर असेल तर वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास वाचतात. त्यातून डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव), १३ क्वार्ट ऑइल (गॅसला ८) आणि दोन फ्युएल फिल्टर वजा करा. डिझेल विकताना जास्त पैसे येतात हे खरं, पण दहा वर्षांनी दहा हजारांतले किती?

आणि एक धोका. ६.७ वर २०११ पासून आलेला सीपी४ हाय-प्रेशर पंप इंधनाच्याच वंगणावर चालतो. वंगणाच्या चाचणीत अमेरिकन डिझेलला ५२० मायक्रॉन झीज चालते, युरोपात मर्यादा ४६०. पंप आतून झिजला तर धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि अख्खी इंधनप्रणाली बदलावी लागते. पाणी किंवा चुकून पेट्रोल गेलं तर हेच. डिझेल घेतलंत तर फिल्टर वेळेवर बदला, पाण्याचा सापळा रिकामा करत राहा, आणि डीईएफ कधीही डिझेलच्या टाकीत ओतू नका.

डेन्व्हरकर
गॅसकडे कल झुकतोय. उताराची भीती मात्र आहे.

उतार_सात_टक्के
वर्षाला १५,००० मैल ओढणार असतात, किंवा १४,००० पौंडांचा फिफ्थ व्हील (ट्रकच्या बेडमध्ये जोडायचा मोठा ट्रेलर) असता, तर मी डिझेल सोडलं नसतं. ९,५०० ला गॅस सांभाळतो, हे करा:

मागचा ॲक्सल ४.३० गिअर गुणोत्तराचा मागा. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खाली ठेवणारी सोय) बोगद्याआधीच लावा. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करा, नंतर नाही. इंजिन ४,५०० आरपीएमला ओरडेल, ओरडू द्या, ते त्यासाठीच बनवलंय. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग ताशी दहाएक मैलांनी कमी करा आणि ब्रेक सोडून द्या. पाय हलका ठेवून सतत घासत राहिलात तर ब्रेक तापून मऊ पडतात. ट्रेलरच्या ब्रेकचा गेन (जोर किती लागावा ते सेटिंग) सपाट रिकाम्या रस्त्यावर २५ मैलांच्या वेगाने तपासा: ट्रेलरने स्वतः थांबवायला मदत केली पाहिजे, पण चाकं लॉक होता कामा नयेत.

आणि कोलोरॅडोत पंपावरचं रेग्युलर ८५ ऑक्टेनचं असतं. मॅन्युअल किमान ८७ सांगतं. ओढताना ८५ भरू नका.

वजनकाटा
पहिल्या सहलीआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (प्रत्येक ॲक्सलचं वेगळं वजन देणाऱ्या काट्यावर) तीनदा वजन करा, टाक्या भरून आणि सगळी माणसं बसवून. एकदा ट्रेलर जोडून आणि हिचचे बार ताणून, एकदा जोडून पण बार सैल सोडून, एकदा नुसता ट्रक. दुसऱ्या वजनातल्या ट्रकच्या दोन ॲक्सलांच्या बेरजेतून तिसरं वजन वजा केलं की हिचवरचा खरा भार कळतो. बार सैल असताना पुढचा ॲक्सल जेवढा हलका झाला, त्यातलं निदान निम्मं बार ताणल्यावर परत आलं पाहिजे. नाही आलं तर बारची एक कडी वर घ्या आणि पुन्हा काट्यावर या.