रूट लोकस हाताने का काढायचा?
रूट लोकस म्हणजे गेन (सिग्नल किती पटीने वाढवायचा तो आकडा) बदलला की फीडबॅक सिस्टीमचे पोल (ट्रान्सफर फंक्शनच्या छेदाची मुळं) कसे सरकतात याचा आलेख. मॅटलॅब हे सॉफ्टवेअर तो एका कमांडमध्ये काढून देतं, मग कागदावर कशाला, हा वरचा प्रश्न रास्त आहे. तरी एकदा ओपन लूपचे (फीडबॅक जोडण्याआधीचे) पोल −१, −२, −३ घेऊन बसाच. अंशात फक्त गेन के. राऊथच्या तक्त्यातून (मुळं न काढता स्थिरता तपासायची रीत) सिस्टीम स्थिर राहायला के ६० च्या खाली हवा हे दोन मिनिटांत निघतं. बरोबर ६० ला सिस्टीम सेकंदाला ३.३२ रेडियनने डोलत राहते. आता −३ चा पोल −१० वर न्या. मर्यादा ३९६! (हुरळू नका, डीसी गेनच्या, म्हणजे न बदलणाऱ्या इनपुटला मिळणाऱ्या गेनच्या हिशोबात मर्यादा १० ची १९.८ झाली.) लांबच्या पोलचा फेज लॅग (आउटपुटची इनपुटमागची पिछाडी) कमी, म्हणून सवलत. असं का, हे मॅटलॅबचा आलेख आपणहून सांगत नाही. नियम सगळे पाठ करू नका, असिम्टोट (आलेखाच्या फांद्या लांबवर ज्या सरळ रेषांना धरून जातात त्या) आणि ब्रेकअवे (फांद्या वास्तव अक्ष सोडतात तो बिंदू) पुरे.