ओलावा मोजायचं ब्लूटूथवालं नवं मीटर घेऊ का जुनंच चालवू?

वणाकाठचा कास्तकार

राम राम मंडळी. समुद्रपूर तालुक्यातला आहे, माल हिंगणघाटले जाते. पाच एकर कपाशी, तीन एकर सोयाबीन, मधात तुरीची तासं.

माझ्याजवळ दोन खिळ्यांचं जुनं मॉइश्चर मीटर आहे. कापसाच्या गंजीत खुपसायचं, आकडा पाहायचा, आज गाडी भरायची की उद्या ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. आता त्याच्या काचेतल्या काही रेघा उमटत नाहीत. ६ आहे की ८ आहे ते समजत नाही, अन् आपला सगळा खेळ तर ८ वरच आहे.

परवा दुकानदारानं नवीन मॉडेल दाखवलं. धान्य टाकायची वाटी, रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ, मोबाइलवर ॲप, तापमान, हेक्टोलिटर वजन (शंभर लिटर धान्याचं वजन), चाळीस पिकांची यादी, वरून टॉर्च. चौदा हजार म्हणतो. त्याच कंपनीचं साधं वाटीवालं साडेसात हजारात आहे, त्यात ॲप नाही, टॉर्च नाही, पिकं दहा-बारा. भाचा म्हणतो मामा घ्यायचं तर भारीच घ्या, साधं दोन वर्षांत जुनं होते. घरची मंडळी म्हणते चौदा हजारात बैलांची ढेप येते.

मला एवढंच सांगा, जास्तीच्या साडेसहा हजारात माझ्या मालाचे पैसे वाढतील का? कोणी वापरलं असेल तर खरं खरं सांगा. दुकानदाराचं ऐकून झालं आहे.

तुरीवाला बुढा

सोयाबीनचा दाना दाताखाली धरा. कट् करून फुटला तं वाळला, दबला तं ओला. बॅटरी लागत नाही, ॲप लागत नाही. दात मात्र पाह्यजे.

जिनातला माणूस

भाऊ, मी जिनिंगमधी, म्हनजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम करतो. सीझनमधी रोज गाड्या पाह्यतो, म्हनून जरा लंबं लिहितो.

पयले एक गोष्ट मनातून काढून टाका. तुमचं मीटर कितीही भारी असो, खरेदीच्या जागी भाव ठरते तो ग्रेडरच्या, म्हनजे मालाची प्रत पाहनाऱ्याच्या, मीटरवर. तुमच्या मोबाइलमधला आकडा तिथं कोनी पाहत नाही. मंग घरच्या मीटरचं काम काय? माल कोन्त्या दिवशी भरायचा, एवढंच. पन ते काम लहान नाही. सीसीआयले (हमीभावानं कापूस घेनारं सरकारी महामंडळ) ८ टक्के ओलाव्याले पुरा भाव, त्याच्यावर दर टक्क्याले टक्काभर कपात, अन् १२ च्या वर गेला की गाडी परत. २०२५-२६ मधी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले ८,११० होता. एका टक्क्याले क्विंटलमागं ८१ रुपये गेले. १२ वर गाडी नेली तं ३२४. सीसीआयच्या कपास किसान ॲपवर माल न्यायचा स्लॉट भेटला, गाडीभाडं दिलं, अन् वापस यायचं म्हनजे काय होते ते तुमाले सांगायले नको.

आता दुकानदारानं जे सांगितलं नसंल ते. हे वाटीवालं मीटर कापसाले चालत नाही! चाळीस पिकाच्या यादीत कापूस कुठं आहे ते पाहा. सरकी असंल कदाचित, कापूस नसंल. वाटीवालं मीटर दोन पत्र्यांच्या मधात धान्य घेऊन त्याच्यात वीज किती साठते ते पाह्यते. कोरड्या दान्यापेक्षा पाण्यात ती कितीतरी जास्त साठते, त्याच्यावरून ओलावा काढते. त्यासाठी वाटी दर वेळी सारखी भरली पाह्यजे, पोकळी सारखी राह्यली पाह्यजे. कापूस कसा भरसान तुमी त्याच्यात? खिळ्यावाल्याचं गनित वेगळं. दोन खिळ्यांच्या मधातून वीज किती सहज जाते ते ते मोजते. ओला कापूस वीज सोडते, कोरडा अडवते.

म्हनून खिळ्यावाल्यात हाताचा दाब लय महत्त्वाचा. सैल कापसात खुपसलं तं आकडा कमी, मुठीनं आवळून धरलं तं जास्त. एकाच गंजीत दोघाजनाचे दोन आकडे येतात अन् मंग भांडन होते. आमचा ग्रेडर गाडीत वर, मधात, कोपऱ्यात असं फिरवून पाह्यते. तुमीही तसंच करा, दाब एकसारखा ठेवा. सकाळी दहिवर असताना वेचलेला कापूस गंजीच्या पोटात गेला असंल तं वरून ७ दाखवते अन् आतून ११. ताडपत्रीवर पातळ पसरून ऊन दाखवलेला कापूस कुठूनही सारखा लागते. आम्हाले वरचेवर कोरडी अन् पोटात गरम गंजी लगेच समजते, हात घातला की. तसा कापूस पडून राह्यला की रुई पिवळी पडते अन् सरकी खराब होते, म्हनून जिनवाला ओलाव्याले एवढा भेतो.

तुमचं मुख्य पीक कपाशीचं आहे. चौदा हजाराचं यंत्र तुमच्या पाच एकराले उपयोगी नाही, बाकी तीन एकरासाठीच घेसान ते. हिशोब तुमीच करा.

वणाकाठचा कास्तकार

कापसाला चालत नाही हे दुकानदार बोललाच नाही! "सगळ्याला चालते" म्हणाला. बरं झालं विचारलं.

मग सोयाबीन-तुरीसाठी साधं वाटीवालं तरी घ्यावं का? सोयाबीन मी थ्रेशरमधून काढल्यावर दोन-तीन ऊन देतो अन् विकतो. कधी जास्त वाळते, कधी कमी, अंदाजच असतो.

गटाची ताई, मालेगाव (वाशीम)

दादा, आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सोयाबीन खरेदीचं काम आम्ही बायाच पाहतो. तुम्ही सांगता तसलंच ब्लूटूथवालं मीटर आमच्याकडे आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

आधी जास्त वाळवण्याचं. लोकांना ओल्या मालाची भीती असते, पण कोरड्या मालात पैसे जातात ते कोणी मोजत नाही. समजा १४ टक्क्यांचं सोयाबीन १० क्विंटल आहे. त्यात कोरडा माल ८६० किलो. १२ टक्क्यांवर आणलं तर वजन राहते साधारण ९७७ किलो. तुम्ही ऊन देत राहिलात अन् ९ वर गेलं तर ९४५. म्हणजे ३२ किलो उडून गेलं, अन् १२ च्या आत असल्यावर भाव तर तोच, २०२५-२६ चा हमीभाव धरला तर क्विंटलला ५,३२८. सतराशे रुपये झाले, १० क्विंटलमागे. शिवाय फार वाळलेला दाणा थ्रेशरात अन् पोत्यात फुटतो, डाळ होते, ती वेगळी कटते. तीन एकरांचं सोयाबीन असेल तर साधं मीटर काही हंगामांत फिटते असं मला वाटते. भारी मीटर त्याच १२ ला १२ च म्हणेल.

आता ज्या सोयींचे तुम्ही पैसे देणार, त्यातलं आम्हाला काय कामी पडलं? नोंद. सभासदाचं नाव, वेळ, आकडा, सगळं मोबाइलमध्ये राहते. संध्याकाळी कोणी म्हणालं "माझं ११ होतं, तुम्ही १३ लावलं" तर त्याच्यासमोर उघडून दाखवता येते. याआधी वहीत लिहायचो, वहीवर कोणी विश्वास ठेवत नव्हतं (अन् आमचं अक्षर पाहिलं असतं तर तुम्हीही ठेवला नसता). २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं त्या हंगामापुरती सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ केली, तेव्हा तर रांगेतला प्रत्येक जण आकडा विचारून जात होता. पण हे आमच्यासारख्याचं, जिथे एकाचा माल दुसऱ्यानं घ्यायचा असतो. तुम्ही स्वतःचाच माल स्वतः मोजणार, नोंद कोणाला दाखवणार?

हेक्टोलिटर वजन आम्ही कधीच पाहिलं नाही. ते गहूवाल्यांना, मिलवाल्यांना लागते. सोयाबीनला कचरा, डागी दाणा अन् ओलावा पाहतात.

तापमानाचं मात्र नीट समजून घ्या, कारण ते साध्यातही असायला पाहिजे. गरम दाण्याचा आकडा चुकतो, म्हणून मीटर तापमान पाहून आकडा सुधारते. "तापमानानुसार दुरुस्ती आपोआप होते का" एवढंच दुकानदाराला विचारा. असलं तरी ताडपत्रीवरचं तापलेलं सोयाबीन थेट वाटीत ओतू नका. डब्यात झाकून सावलीत ठेवा, निवलं की मोजा. अन् नमुना एका पोत्याच्या तोंडातून घेऊ नका, परखीनं (पोत्यात खुपसायची पोकळ नळी) चार-पाच पोत्यांच्या पोटातून काढा, मिसळा, मग तीन वाट्या मोजून सरासरी. यात जेवढा फरक पडतो तेवढा मॉडेल बदलून पडत नाही.

घेताना सोबत थोडं सोयाबीन न्या. त्यातलंच कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याला विद्यापीठात भट्टीवर तपासता आलं तर उत्तम. अख्खं सोयाबीन १०३ अंशांवर ७२ तास ठेवून वजन करतात, तो खरा ओलावा. मीटर त्याच्याशी जुळलं तर घ्या. आमचं नवं मीटर पहिल्या हंगामात सोयाबीनला सारखं टक्काभर जास्त दाखवत होतं, दुरुस्तीचा आकडा भरून घ्यावा लागला. ॲप सुंदर होतं, आकडा चुकीचा होता.

तुरीवाला बुढा

ताई बरोबर बोलली. मिठाचंही करून पाहा. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडं मीठ अन् दाने टाकून हालवा. मीठ काचेले चिकटलं तं माल १५ च्या वर. १२ अन् १४ मधला फरक मिठाले कळत नाही, तिथं माझे दातही हारले.

पुलगावचा दुरुस्तीवाला

मोबाइल, रेडिओ, वजनकाटे, सगळंच येते माझ्याकडे.

जुन्या मीटरच्या रेघा जात असतील तर मीटर मेलं असं समजू नका. काच अन् सर्किटच्या मधात काळ्या रबराची एक पट्टी असते, तिच्यातून वीज काचेपर्यंत जाते. धूळ बसली, ओल आली की काही रेघांची वीज तुटते. उघडून पट्टी अन् पट्टीखालचा भाग स्पिरिटनं पुसला, स्क्रू बरोबर कसले की बऱ्याचदा आकडा पुरा येते. शेकड्यातलं काम आहे, हजारातलं नाही. काच फुटून काळं पाणी पसरलं असेल तर मात्र नाही जमत.

दुसरं, सीझन झाल्यावर सेल काढून ठेवा. आतमधी गळालेला सेल पट्ट्या खाऊन टाकते. माझ्याकडे येणाऱ्या मीटरांत अर्ध्याहून जास्त असेच मरतात. अन् सेल उतरला की बरीच मीटरं चुकीचा आकडा दाखवतात, बंद पडत नाहीत, ते जास्त वाईट.

नवीन घेताना बॅटरी कोणती ते पाहा. चौकोनी ९ व्होल्टची सेल आमच्या गावच्या किराण्यातही भेटते. आत बसवलेली चार्जिंगची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बसली तर ती त्याच मापाची शोधत फिरावं लागते, अन् खरेदीच्या दिवसात लाइन कधी जाईल सांगता येत नाही. टॉर्च लागली की तीच बॅटरी खाते.

वणाकाठचा कास्तकार

मंडळी, भाच्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो टॉर्च तर मोबाइललाही आहे. आधी तोच भारीचं म्हणत होता!

जुनं मीटर दुरुस्तीला देतो, दुसरा वेचा घरात यायच्या आत पाहिजे आहे. साधं वाटीवालं सोयाबीन काढायच्या वेळी पाहू, हातात पैसे असले तर. दुकानदाराला तापमानाचं अन् बॅटरीचं विचारून ठेवतो. ताई, परखी मालेगावकडे कुठं भेटते की लोहाराकडून करून घेता?

दुरुस्तीवाले भाऊ, खिळ्याच्या बुडाला गंज पण आहे, तो काढता येते का?

पुलगावचा दुरुस्तीवाला

वरवरचा असला तर बारीक पॉलिश पेपरनं जाते. बुडाला खोल गेला असेल तर खिळे बदलू, पण दोन्ही एकाच लांबीचे अन् एकाच धातूचे पाहिजेत, नाही तर आकडा हलते. सेल काढून आणा, अन् मीटरसोबत कंपनीची टेस्ट करायची चकती भेटली असेल तर तीही पिशवीत टाका.

गटाची ताई, मालेगाव (वाशीम)

परखी लोहाराकडूनच. तोंड तिरपं कापायला सांगा, सरळ कापलेली पोतं फाडते.